हिरव्या इंजिनाचं सील

१ जानेवारी, सकाळी ६.१०
नवी वही. संकल्प तीन. रोज चालणे. गोड बंद. आणि कपाटातल्या चौदा खोक्यांपैकी एकाचंही सील आणखी दहा वर्षं तोडायचं नाही. पहिल्या दोनांचं काय होईल ते होवो, तिसऱ्याबाबत मी खंबीर आहे.
खेळण्यातल्या रेल्वेगाड्या लोक चालवतात आणि मोडून ठेवतात. मी हात लावत नाही. म्हणून माझी ती खेळणी नाहीत, गुंतवणूक आहे. अकरा वर्षं बायकोला हेच समजावतोय. ती म्हणाली, मग व्याज म्हणून निदान एक फळी मोकळी करा, चादरी ठेवायला जागा नाही.

४ जानेवारी
चालायला गेलो नाही. थंडी.

१९ जानेवारी
दादाला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. माझा थोरला भाऊ. एकटा असतो, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर. काचबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाजूची नजर गेलेलीच आहे, मधली थेंब टाकून टिकेल तेवढी टिकेल. वर्षभर, किंवा कमी.
मला काहीच वाटलं नाही. तिथल्या खुर्च्या मात्र चांगल्या आहेत.
बसमध्ये दादा म्हणाला, तुझ्या कपाटातलं ते हिरवं इंजिन एकदा चालताना बघायचंय रे. आता त्याचा हक्क आहे म्हणा. लहानपणी ते ज्या दुकानाच्या काचेत होतं तिथे आम्ही दोघं तासन् तास उभे असायचो. दुकान कायमचं बंद होताना दादानेच ते घेतलं आणि माझ्या चाळिशीला गावाहून बसने सात तास मांडीवर धरून घेऊन आला. आल्या आल्या वरचा कागद फाडायला निघाला होता. मीच हात धरला. त्याला नऊ वर्षं झाली.
बघू म्हणालो.

२ फेब्रुवारी
ऑफिस. पाण्याच्या मीटरांची सीलं तपासण्यात तेवीस वर्षं गेली. आज एक बाई रडकुंडीला आल्या, सील उंदराने कुरतडलं म्हणाल्या. मीटर बरोबर चालत होता. पण सील तुटलं म्हणजे तुटलं. उंदराची सही आणा म्हणालो. कुणी हसलं नाही.

२० फेब्रुवारी
तोडगा काढला. दुसऱ्या कुणीतरी चालवलेलं तसलंच इंजिन दादाला मोबाइलवर दाखवलं. त्याने फोन नाकापाशी धरून पूर्ण बघितलं. म्हणाला, छान आहे, पण हे म्हणजे दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम बघितल्यासारखं झालं.
माणसाचं समाधान करणं कठीण.

११ एप्रिल
ठरलं! ५ जुलैला दादाचा वाढदिवस. त्या दिवशी सील तोडणार. मी काही दगड नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, लिहून द्या. म्हटलं, वहीत लिहितोय की.

३ जून
तयारी. सुती हातमोजे, नवीन कटर, गोल रूळ. हवेत दमटपणा फार आहे, जुलैत आणखी वाढेल, पण शब्द दिलाय.

५ जुलै, संध्याकाळी ७
दादा पाच वाजताच वर आला. इस्त्रीचा शर्ट. जेवणाच्या टेबलावर मी रूळ मांडले होते. हातमोजे घातले, कटर उचलला, आणि फोन वाजला. छंदाच्या वस्तूंचा दुकानदार. सप्टेंबरमध्ये बाहेरून एक मोठा संग्राहक येतोय, सीलबंद हिरव्या इंजिनाला दुप्पट देईल म्हणाला.
आता अशा वेळी कोण शहाणा कटर चालवेल? दोनच महिन्यांचा प्रश्न. पैसे आले की दादासाठी तसलंच दुसरं घेऊ, वापरलेलं, आणि रोज चालवू. हे त्याला नीट समजावलं. तो बरं म्हणाला. चहा घेतला. टेबलावर हात फिरवून लाकूड चांगलं आहे म्हणाला आणि खाली गेला.
त्याने मनाला लावून घेतलेलं नाही.

८ जुलै
बायको तीन दिवस बोललेली नाही. घरात शांतता आहे. वाचन वाढवावं.

२९ सप्टेंबर
संग्राहक आला नाही. मार्चमध्ये येईल. दादाला सांगायला खाली गेलो तर तो चहा गाळत होता, कपाच्या शेजारी. ओट्यावरून जमिनीपर्यंत ओघळ. मी फडकं घेतलं आणि पुसलं. मार्चचं सांगायचं राहिलं.

१७ ऑक्टोबर
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थेंब चालू ठेवा, पण आता दुखू नये म्हणून. नजरेसाठी नाही.
दादाने त्यांचे आभार मानले. मी पावती घेतली. बसमध्ये त्याला खिडकीची जागा दिली, मग आपण काय केलं ते लक्षात आलं. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

६ नोव्हेंबर
मार्च कशाला? आजच विकायचं ठरवून खोकं घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने ते कानापाशी धरून हलवलं आणि त्याचा चेहरा पडला. आतला फोम कधी बदलला होता विचारलं. म्हटलं, सीलबंद आहे, कसा बदलणार?
मग त्याने मला शाळेतल्या पोरासारखं समजावलं. इतक्या जुन्या खोक्यातला फोम पाघळतो. जाणकार लोक वर्षातून एकदा खोकं उघडतात, गाडी पुसतात, चार फेऱ्या चालवतात, पुन्हा ठेवतात. सील जपतात ते नवशिके. असलं बंद खोकं उघडून बघितल्याशिवाय कुणी घेत नाही. संग्राहकाचं काय, विचारलं. तोही उघडूनच बघणार होता म्हणाला.
कटर त्यानेच चालवला. फोमचा काळा चिकट लगदा झाला होता. त्याच्याबरोबर इंजिनाचा हिरवा रंग सालीसारखा निघून आला.
मी हातमोजे नेले होते. घालायचे राहिले.

७ नोव्हेंबर
दादाच्या टेबलावर रूळ मांडले. इंजिन आधी घरघरलं, मग चालू लागलं. दादा खुर्ची पुढे ओढून, हनुवटी टेबलाला टेकवून बसला. प्रत्येक फेरीला हसत होता. पंधरा-वीस फेऱ्या झाल्या. मग त्याने विचारलं, रंग तोच आहे ना रे, दुकानात होता तसा? मी म्हणालो, अगदी तोच, चकचकीत आहे. तो म्हणाला, राहणारच, तू जपलंस. माझ्याकडे असतं तर मी कधीच वाट लावली असती.
बायकोने माझ्याकडे बघितलं आणि वर निघून गेली.
बरं झालं दादाला दिसत नाही, असं माझ्या मनात आलं. त्यानंतर बराच वेळ दुसरं काहीच आलं नाही.