तेजस्वीला दवाखाना का दिला नाही

मी, डॉ. गणपतराव ज्ञानू सरनोबत, वय चौऱ्याहत्तर, दातांचा डॉक्टर, मूळचा पेठ वडगावचा, हल्ली राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हात थोडा थरथरतो, म्हणून दाढा काढणे मी सोडले; अक्षर मात्र अजून वाचता येते. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही, कोणी गोड बोलून लिहून घेतलेले नाही. उलट हे लिहू नका म्हणून घरातली माणसे कालपासून फुगून बसली आहेत. बसू देत. आधी कधी काही लिहून ठेवले असेल तर ते आजपासून रद्द.

कलम १. राहते घर माझा मुलगा विश्वजित याला. उद्यमनगरातले त्याचे वर्कशॉप त्याचेच आहे, त्यात मी हात घालत नाही. वडगावच्या वडिलोपार्जित रानाचे कायद्याने जे व्हायचे ते होईल. बँकेत जे आहे ते सूनबाईंच्या एकटीच्या नावे. किती आहे ते बँकेत विचारावे, मला विचारून आता उपयोग नाही.

कलम २. माझे व्याही हंबीरराव यांना काहीही नाही. प्रत्येक लग्नात, पंगतीत, बारशात या गृहस्थांनी चारचौघांत मला विचारले, "एमबीबीएस लागलं न्हाय म्हणून दाताकडं वळलासा व्हय?" ज्या कवळीने ते हे बोलतात ती कवळी मी बसवली आहे. दर दिवाळीला ती मी फुकट घासून नीट करून देत आलो. माझ्या पश्चात तिची गॅरंटी संपली असे त्यांनी समजावे. माझा राग मात्र मी इथेच ठेवून जातो, बरोबर नेत नाही. तेवढे त्यांना कळवावे.

कलम ३. आता दवाखाना. तालमीशेजारचा गाळा, खुर्ची, कंप्रेसर, अवजारे, कवळ्यांचे साचे आणि बाहेरचे लाकडी बाकडे. हे सगळे माझ्या स्वकष्टाचे आहे. ते कोणाला द्यायचे यावरूनच घरात चूल थंड पडली आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

माझी नात तेजस्वी, विश्वजितची मुलगी, दिवाळीनंतर दातांची डॉक्टर होऊन घरी आली. पदवी झाली, वर्षभराची इंटर्नशिप झाली. ती दवाखाना चालवणार हे पेठेने तिच्या बालपणीच ठरवून टाकले होते. आमच्या पेठेत आनंद झाला की बोर्ड लागतो. वाढदिवस, विजय, म्हैस व्याली तरी बोर्ड. माझा मित्र गुंडू साळोखे, तालमीच्या फुटबॉल संघाचा एके काळचा गोलकीपर, त्याने पोरांकडून चौकात भला मोठा बोर्ड लावून घेतला. तेजस्वीचा फोटो, मागे वाघ, आणि खाली: "पेठेची वाघीण आजोबांची खुर्ची सांभाळण्यास सज्ज!" त्या वाघिणीला कोणी विचारले नव्हते. एका संध्याकाळी गाडीवरून दवाखान्यातून घरी येताना तिने तो बोर्ड पाहिला. लोकांनी तिला तिथेच उतरवून पेढे भरवले, तिने ते खाल्ले, हसली, फोटो काढून घेतले. घरी आली आणि तोंड धुवून झोपली.

त्याआधी दोनच दिवस ती माझ्याशी काय बोलली होती ते फक्त मला ठाऊक आहे.

आमच्या वडगावची बनाबाई हलणारा दात काढायला आली होती. तेजस्वी माझ्या शेजारी उभी होती. बनाबाई गाल आणि हिरडी यांच्यामध्ये मिश्री धरून बसायची, तिथे पांढरा चट्टा होता आणि खाली गाठ. तेजस्वीने बोट लावले आणि माझ्याकडे पाहिले. पुढे हॉस्पिटलात बनाबाईचा अर्धा जबडा काढावा लागला. ती जगली. आता तोंडाला पदर लावून बोलते.

बनाबाई गेल्यावर पोरगी हात धुता धुता म्हणाली, "आबा, दात हलाय लागला म्हणून आली ती. चट्टा त्याच्या कितीतरी आधी आलता. तवा कोण गेलतं तिच्याकडं?"

"आपण दवाखाना उघडून बसल्यालो असतोय. ज्याचं दुखतंय त्यो येतोय," मी म्हणालो.

"व्हय की. पण मला दुखायच्या आधी जायचंय. मी गावागावात जातो. बायांची तोंडं बघतो, मिश्री सोडवतो."

"त्याचं शिक्षण असतंय?"

"एमडीएसच की. पब्लिक हेल्थ. कोण घेत न्हाय ते. म्हणत्यात त्यात खुर्ची न्हाय."

बोर्ड लागला त्यानंतर ती हे एकदाही बोलली नाही. एमडीएसच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरायची मुदत संपत आली आहे. मी विचारले तर म्हणाली, "आता काय आबा, बोर्ड लागला की." एवढे बोलून माझी अवजारे पुसत बसली. गुंडूला सांगितले तर तो म्हणतो, "डॉक्टर, लाजताय व्हय? नात बसणार म्हंजे काय चोरी हाय?" विश्वजितला सांगितले तर तो म्हणतो, गिऱ्हाईक आहे, गाळा आहे, नाव आहे, अजून काय पाहिजे पोरीला. प्रेमाने माणसाला असे चहूबाजूंनी धरले की त्याला ओरडतासुद्धा येत नाही.

आता जे लिहितो ते वकीलसाहेबांनी गाळायला सांगितले आहे. मी गाळत नाही.

दुपारचा शेवटचा पेशंट गेला की मी दिवा मालवून त्याच खुर्चीत आडवा होतो. रस्ता शांत असतो. कुठे तरी म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजते, आणि डोळा लागतो. हल्ली रोज मला तेजस्वी दिसते. आम्ही पास झालो तेव्हा एकच वाट होती, पाटी लावायची आणि वाट बघायची. तिच्यापुढे वाटाच वाटा. एका दुपारी ती लष्कराच्या गणवेशात होती, सगळीकडे बर्फ, आणि एका जवानाची दाढ बघताना दोघांच्या तोंडातून वाफ निघून एकत्र वर जात होती. एकदा ती समुद्रापलीकडे होती. इथे शिकलेले सगळे तिथे पुन्हा पहिल्यापासून शिकत होती, परीक्षेला बसली होती, आणि पर्यवेक्षक म्हणून आमचे हंबीरराव फिरत होते. एकदा पुण्यातल्या काचेच्या दवाखान्यात दिसली. चकाचक, थंडगार, आणि साहेब येऊन विचारत होता, आज दातांवर किती कॅपा बसवल्या. तिथे ती मला ओळखीना. एकदा ऑपरेशनच्या दिव्याखाली फुटलेला जबडा जोडत होती, इतकी सावकाश की बाहेर ऊस लागला, वाढला, तुटून गेला. एकदा कॉलेजात पोरांना शिकवत होती, आणि फळ्यावरचे दात एकेक करून हसत होते.

कालच्या स्वप्नात वडगावची वाट होती. दोन्ही बाजूंना ऊस, वर पांढरे ढग, आणि ती खांद्याला पिशवी लावून चालली होती. ओट्यावर बाया बसलेल्या. ती बॅटरी लावायची, बाई तोंड उघडायची, आत उजेड पडायचा, आणि उजेड पडला की बाई बोलायला लागायची. माहेरचे, सासरचे, कधी कोणाला न सांगितलेले. एकीचे संपले की दुसरी. ऊन कलत नव्हते. त्या बायांत माझी आईही बसली होती, तिच्या तोंडात सगळे दात होते. मी लांब उभा होतो आणि मला फार बरे वाटत होते.

माझ्या खुर्चीपाशी मात्र ती एकदाही दिसली नाही. मी मुद्दाम प्रयत्न केला, देवाशपथ. डोळे मिटून खुर्ची मांडली, दिवा लावला, पेशंट बसवला, शेजारी तिला उभी करायला गेलो की ती जागा रिकामी. माझे स्वप्न, पण माझे ऐकेना. मला वाईट वाटते. दवाखान्याच्या पाटीवर माझ्या नावाखाली तिचे नाव यावे असे मला फार वाटत होते, अजून वाटते. मोठेपणा म्हणून हे लपवणार नाही.

म्हणून, सदर दवाखाना गाळ्यासह मी डॉ. यशराज बाळासाहेब चौगुले, राहणार हातकणंगले, याला देत आहे. हा तेजस्वीच्या बॅचचा मुलगा. घरी दुभती जनावरे आणि थोडे रान. पास झाल्यापासून सकाळी एकाच्या दवाखान्यात, दुपारी दुसऱ्याच्या, संध्याकाळी इचलकरंजीला तिसऱ्याच्या, असा दुसऱ्यांच्या खुर्च्यांवर राबतो. त्याला खुर्ची पाहिजे आणि मिळत नाही. तिला नको आणि सुटत नाही. विश्वजित म्हणाला, "आबा, परक्याला?" मी म्हणालो, "व्हय, परक्याला. घरातल्या पोरीला दिला तर तिचं मन मरंल." त्यावर तो ताटावरून उठला.

यशराजला अटी अशा. पहिले वर्षभर त्याने एकट्याने अवघड काम करू नये, एखाद्या मुरलेल्या डेंटिस्टाला आठवड्यातून एकदा बोलावून त्याच्या नजरेखाली शिकावे. कॉलेजात हात तयार होतो, अंदाज पेशंटवरच येतो. पैसे साठले की पुढचे शिक्षण घ्यावे, पण कर्ज काढून झगमगाट करू नये. वरचा दात काढला की डोळा जातो असे म्हणणाऱ्याला हसू नये, पुन्हा पुन्हा समजावावे. फुटबॉलच्या हंगामात सामन्यातल्या दोन्ही तालमींची दात पडलेली पोरे एकाच बाकड्यावर बसतील. कोणाचा नंबर पुढे घेऊ नये, नाहीतर आहेत ते दातही पडतील.

कलम ४. डॉ. तेजस्वी विश्वजित सरनोबत हिला या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. खुर्ची नाही, गाळा नाही, चिमटासुद्धा नाही. ही नजरचूक नाही. तिच्या शिक्षणाचे मी जिवंतपणी बघणार आहे, त्याचा या कागदाशी संबंध नाही.

कलम ५. मृत्युपत्र मेल्यावर वाचायचे असते हे वकीलसाहेबांचे म्हणणे मला मान्य नाही. येत्या रविवारी तालमीत सगळ्यांसमोर मी ते स्वतः वाचणार आहे. यशराज सोमवारपासून बसेल. तो बसलेला मला बघायचा आहे.

साक्षीदारांविषयी. एक गुंडू. त्याने आधी हात आखडला. "डॉक्टर, पोरीला कायच न्हाय? पेठ काय म्हणंल?" मी म्हणालो, पेठेला माझं नाव सांग. दुसरा साक्षीदार म्हणून मी वकीलसाहेबांचा कारकून धरला होता. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलसाहेब गुंडूला समजावत होते. तेजस्वी चहा घेऊन आली होती, तिने ते ऐकले. ट्रे ठेवला, कागद माझ्या हातातून घेतला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला. कलम चारपाशी फार वेळ थांबली.

"आबा, मला खरंच कायच न्हाय यात?"

"कायसुद्धा न्हाय."

"मग मला सही करता येती की."

कारकुनाला मी चहा पाजून परत पाठवला. पुढील मजकूर ज्याने त्याने आपापल्या हाताने भरला आहे.

ठिकाण: शिवाजी पेठ, कोल्हापूर
दिनांक: २० फेब्रुवारी २०२६

मृत्युपत्र करणार:
(सही) डॉ. गणपतराव ज्ञानू सरनोबत

आमच्या दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली, व त्यांच्या समक्ष आम्ही केली.

साक्षीदार १:
(सही) गुंडू रामचंद्र साळोखे
वय: ७३. धंदा: दूध. राहणार: शिवाजी पेठ, कोल्हापूर

साक्षीदार २:
(सही) डॉ. तेजस्वी विश्वजित सरनोबत
वय: २४. राहणार: शिवाजी पेठ, कोल्हापूर. धंदा: शिक्षण चालू