दिवसाला एकच भेट

११ नोव्हें., मंगळ

बाबा दूध आणायला गेले ते आलेच नाहीत.

सायकलवर गेले. दोन सिग्नल पलीकडे कोन्बिनी, चोवीस तास उघडं असणारं दुकान. फोन इथेच चार्जिंगला. पाकीटही इथेच, त्यात रेसिडेन्स कार्ड, जे कायम जवळ ठेवावं लागतं. खिशात फक्त नाणी टाकून गेले.

आई आधी चिडली. "बसले असतील देवधरांकडे गप्पा ठोकत." मग देवधर काकांना फोन. तिथेही नाहीत. मग आई गॅलरीतून रस्त्याकडे बघत उभी राहिली.

मी खाली जाऊन आले. कोन्बिनीतल्या मुलाला विचारायचं होतं. दारापर्यंत गेले. आत चार लोक लायनीत. दार आपोआप उघडलं, बंद झालं, उघडलं. परत आले.

स्टेशनसमोरच्या पोलीस चौकीत आई स्वतः गेली, मला ओढत. मला म्हणाली, "तू बोल." मी बोलले. इतक्या हळू की त्याने दोनदा "हां?" केलं. म्हणाला ठाण्यात विचारा. त्याचा चेहरा असा होता की त्याला माहितीये.

१२ नोव्हें., बुध

सकाळी ठाण्यात फोन लावला. एरवी फोन वाजला तरी मी उचलत नाही. बेकरीतही मी मागे असते, ब्रेड पिशवीत भरते, बोलावं लागत नाही म्हणूनच तो पार्टटाइम बाइतो घेतला. कागदावर वाक्यं लिहून ठेवली आणि वाचली. अटक केलेल्या माणसांबद्दल फोनवर सांगत नाहीत.

अटक. हा शब्द त्याने म्हटला. मी म्हटलाच नव्हता.

नेटवर बघितलं. अमेरिकेत म्हणे नाव टाकायचं, कोण कुठल्या तुरुंगात आहे ते दिसतं, फोटोसकट. इकडे जपानात नाव टाकायला जागाच नाही. कोणाच्या घरचं माणूस कुठे आहे, हे कुठेच लिहिलेलं नाही.

मग दोघी ठाण्यात गेलो. काउंटरवरचा म्हणाला, अशी व्यक्ती इथे आहे की नाही हे सांगता येत नाही. मी पासपोर्ट दाखवले. तेच वाक्य. अगदी प्रेमाने, तेच वाक्य.

आईने पिशवी आणली होती. बनियन, पायमोजे, मफलर. तिने ती सरळ काउंटरवर ठेवली आणि पुढे ढकलली. त्याने दोन्ही हातांनी परत ढकलली. म्हणाला, हे आम्हाला इथे घेता येणार नाही.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "इथे नाहीत ते."

"तुला काय कळलं? तुला तर जॅपनीज समजतच नाही."

"असते तर पिशवी घेतली असती. निदान आत विचारायला गेला असता. हा जागचा हलला नाही."

बाबांच्या ऑफिसला आईने मेसेज केला, त्यांना ताप आहे. बाबांचा व्हिसा त्या नोकरीवर. आमचा दोघींचा बाबांच्या व्हिसावर.  आई दिवसभर फक्त घर पुसत होती.

१३ नोव्हें., गुरु

अटक झालेल्याकडे वकील एकदा फुकट पाठवतात, घरचेही बोलावू शकतात. वकिलांच्या संघटनेला फोन केला. आज कागद न वाचता बोलले. म्हणजे वाचला, पण कमी.

ताकेइसान. वकील बाई आहेत, आवाज घोगरा. त्या दुपारी भेटून आल्या आणि मला फोन केला. बाबा आहेत. नीट आहेत. आपल्या जवळच्या ठाण्यात जागा नव्हती म्हणून तिसऱ्याच ठिकाणी नेलंय, दोन ट्रेन बदलून.

आईला सांगितलं तर ती खाली बसली आणि म्हणाली, "बरोबर होतं ना माझं."

काय झालं ते: सायकल. पोलिसाने स्टेशनपाशी थांबवलं, नंबर बघितला, सायकल चोरीची निघाली. कोणीतरी कधीतरी हरवल्याची तक्रार केलेली. बाबा म्हणाले मित्राने दिली. कार्ड दाखवा. कार्ड घरी. पोलिसाने हँडल धरलं, बाबांनी सोडलं नाही. ओढाओढीत पोलीस पडला. कोपर खरचटलं. चोरीपेक्षा ते जड आहे म्हणे.

सायकल देवधर काकांनी दिलेली. म्हणजे काकांची नव्हे. इथून कोणीही मराठी कुटुंब परत जायला निघालं की काका त्यांचं सामान वाटतात. आमचा कुकर तसाच आलेला, माझं टेबल, पडदे. सायकल तीन घरं फिरून आमच्याकडे. कोणीच कधी पोलिसांच्या नोंदीत नाव बदलून घेतलं नाही. कोण घेतं? कुकरचं नाव बदलतो का आपण?

मी बाबा असते तर हँडल लगेच सोडलं असतं. मी सगळंच लगेच सोडते.

१४ नोव्हें., शुक्र

आज बाबांना कोर्टात नेलं. दहा दिवस कोठडी. ताकेइसान म्हणाल्या, हे पहिले. अजून दहा वाढू शकतात. दहावा दिवस रविवारी येतो, म्हणून पुढच्या शुक्रवारीच सरकारी वकील ठरवेल, सोडायचं की वाढवायचं. ऑफिसात वीस दिवस ताप कोणाला येतो?

भेट सोमवारपासून. शनि-रवि बंद. नियम विचारून घेतले. दिवसाला एकच भेट, तीन माणसांपर्यंत, पंधरा-वीस मिनिटं. पोलीस शेजारी बसतो. आणि त्याला कळेल असंच बोलायचं. जॅपनीजमध्ये. नाहीतर दुभाषा आणा, तो आधी ठरवावा लागतो.

आईला हे शेवटचं सांगितलं नाही अजून.

१५ नोव्हें., शनि

आई सकाळपासून कपड्यांना लागलीये. नाडी चालत नाही, दोरी चालत नाही, टोपीवाला स्वेटशर्ट चालत नाही. बाबा घरी लेंगाच घालतात.

"नाडी काढून लेंगा द्यायचा? मग माणसाने तो हातात धरून हिंडायचं का?"

मग इलॅस्टिक घातलं. दोन लेंग्यांना. दात ओठांवर घट्ट, सुई इतकी जोरात की मला भीती वाटली.

मराठी पुस्तक घेऊन जाऊ म्हणाली. मी म्हटलं ते वाचून बघतात, मराठी कोण वाचणार, अडकून पडेल. मग सुदोकूचं पुस्तक काढलं.

मग सांगितलं. भेटीत मराठी चालणार नाही.

आई हसली. खरंच हसली. "आणि आपल्या घरात?"

आमच्या घरात उलटं आहे. दाराच्या आत आलं की मराठीच. बाबांचा नियम. चुकून जॅपनीज निघालं की त्या दिवसाची भांडी. लहानपणी माझे हात कायम साबणाचे. आता नाही होत, कारण आता मी घरात फार बोलतच नाही. मी कोको, म्हणजे हायस्कूल, सोडली, तेव्हापासून बाबाही माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे आईमार्फत बोलतात. मी समोर बसलेली असताना. "तिला सांग, दिवा बंद कर." "तिला विचार, जेवणार का."

भांडण नाही. फक्त तसं झालंय.

१६ नोव्हें., रवि

देवधर काका आले. आईला सांगायचं नव्हतं कोणालाच, पण त्यांनी विचारलं, "आमचे साहेब गायब कुठे?" आणि आई रडली.

सगळं सांगितल्यावर काका पांढरे पडले. "वहिनी, सायकल मी दिली हो." आई म्हणाली, "तुम्हाला काय माहीत, भाऊ." काका खुर्चीत पुढे सरकून बसलेले, चहा गार. मी ताकेइसानचं वाक्य सांगितलं: सायकल कशी हातोहात आली हे कोणी पोलिसांना सांगितलं तर निदान चोरीचं सुटेल. काका कपाची बशी फिरवत राहिले. त्यांचा इथे कायमचं राहण्याचा अर्ज इमिग्रेशनकडे पडलाय, वर्षभर वाट बघतायत. मला माहितीये, आईलाही माहितीये.

जाताना विचारलं, "कुठलं ठाणं?" मी सांगितलं.

१७ नोव्हें., सोम

बेकरीत सुट्टी मागितली. कारण विचारलं नाही, बरं झालं.

ठाण्यात अर्ज भरला. माणूस आत गेला, परत आला. म्हणाला, आजची भेट झाली.

मी म्हटलं, नाही झाली, आम्ही आत्ताच येतोय. म्हणाला, सकाळी एक गृहस्थ येऊन गेले. भारतीय. मित्र.

काका. उघडल्या उघडल्या आले होते. हाफ डे घेऊन.

आईला मी मराठीत सांगितलं. ती काउंटरकडे बघत राहिली. "पण मी बायको आहे. त्यांना सांग ना, मी बायको आहे." सांगितलं. त्याने डोकं खाली घातलं. दिवसाला एकच. उद्या या.

कपडे घेतले. लेंग्यांचं इलॅस्टिक ताणून ताणून बघितलं. सुदोकू घेतलं. पिशवी आत गेली तेव्हा आई माझ्या कानात म्हणाली, "घेतली. म्हणजे इथे आहेत."

स्टेशनवर काकांना फोन केला तिने. मला वाटलं ओरडेल. "भाऊ, कसे दिसत होते?" एवढंच. पलीकडे काका इतक्या मोठ्याने बोलत होते की मला ऐकू येत होतं. "वहिनी, मला वाटलं सगळ्यात आधी मी जायला पाहिजे. माफी मागायला पाहिजे. मला काय ठाऊक एकच असते!"

फोन ठेवून म्हणाली, "माणूस सोन्यासारखा आहे. कुठेही पहिला धावतो. लग्नातसुद्धा नवऱ्याआधी जेवतो."

मग ट्रेनमध्ये रडली, हातरुमाल न काढता.

१८ नोव्हें., मंगळ

भेट झाली.

लहान खोली. मध्ये काच, काचेला भोकं. बाबा आले. दाढी. तिथलीच चप्पल, वर नंबर. बाबांनाही त्याच नंबरने हाक मारली. शेजारी पोलीस, वही घेऊन.

आई म्हणाली, "अहो," आणि पोलिसाने मान वर केली. जॅपनीजमध्ये बोला. फक्त "अहो" एवढ्यावर.

मग आम्ही तिघं काचेच्या भोकांकडे बघत बसलो. पंधरा मिनिटांतली किती गेली कोण जाणे.

बाबांचं जॅपनीज ऑफिसचं. मी त्यांना कधी बोलताना ऐकलेलं नाही, घरात चालतच नाही ना. मी कशी बोलू? बाबांना जॅपनीजमध्ये हाक काय मारायची? इतक्या वर्षांत मारलीच नाही. "ओतोसान" म्हटलं. दुसऱ्याच कोणाच्या बाबांना बोलावल्यासारखं वाटलं. पण ते वळले.

विचारलं झोप लागते का. लागते. जेवण? ब्रेड, थंड भात. दुखलं का कुठे? नाही. त्या पोलिसाचं कोपर कसंय, असं त्यांनी मला विचारलं. मला काय माहीत.

सायकलचं विचारलं, हँडल का सोडलं नाही. म्हणाले, त्याने "चोर" म्हटलं. मग पुढे म्हणाले, चूक झाली.

आईला काहीच समजत नव्हतं. एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा त्यांच्या. मी तिला सांगूही शकत नव्हते, सांगणं म्हणजे मराठी. ती टिफिनच्या दुकानात काम करते. तिथले शब्द येतात तिला. अचानक पुढे वाकून म्हणाली, "सामुई?" थंडी? बाबा म्हणाले, "दाइजोबु." ठीक आहे. ती म्हणाली, "गोहान?" जेवण? बाबांनी पोटावर हात ठेवला, "दाइजोबु." तिला येणारे प्रश्न संपले. मग बसली हात मांडीत घेऊन.

शेवटी बाबा मला म्हणाले, आईला सांग, औषधाची गोळी तिने वेळेवर घ्यावी. मग थांबले. तुझा आवाज इथपर्यंत येतो, म्हणाले. ताकेइसान सांगत होत्या, फोन तूच केलेस सगळे.

मला. सरळ मला. दीड वर्षाने, आणि तेही त्या भाषेत.

मी "हाइ", हो, म्हटलं फक्त.

वेळ संपली. बाबा उठले. आई उठली, कमरेत वाकली आणि दुकानात गिऱ्हाइकाला म्हणते तसं खणखणीत म्हणाली, "आरिगातो गोझाइमास!"

बाबा दारातून वळून हसत होते. पोलीससुद्धा. आई नाही.

घरी येऊन तिला पहिल्यापासून सगळं मराठीत सांगितलं. दोनदा. "चोर" वगळून.

२० नोव्हें., गुरु

रोज जातोय. आज बाबांना चौकशीला नेलं होतं, भेट नाही. पिशवीही नाही आणली, आई म्हणाली कपडे आहेत पुरेसे.

देवधर काका दुपारी ताकेइसानबरोबर जबाब द्यायला गेले. आम्हाला कोणी सांगितलं नाही, काकूंचा फोन आला. काकू जरा तुटक. "आमचाही अर्ज आहे म्हटलं, पण ऐकतायत कुठे." आई म्हणाली, "हो ना." दुसरं काय म्हणणार.

ताकेइसान: चांगलं झालं. पण कोपराचं आहेच. सांगता येत नाही.

ऑफिसमधून मेसेज, डॉक्टरची चिठ्ठी पाठवा.

२१ नोव्हें., शुक्र

आज ठरणार.

सोडलं तर कोणी फोन करून सांगत नाही. दार उघडतात आणि माणूस बाहेर. बाबांचा फोन माझ्याकडे, कार्ड माझ्याकडे. आई घरी, चुकामूक नको म्हणून. तिने भात दोनदा लावला.

वाढवलं तर तीन दिवस काहीच नाही. सोमवारी सुट्टी आलीये. मंगळवारपर्यंत भेट नाही, पिशवी नाही.

दुपारपासून ठाण्यासमोरच्या बस स्टॉपवर. तीन बस थांबल्या, हात हलवून "नको" केलं. ताकेइसानचा फोन लागत नाही. कोर्टात असतील.

अंधार पडायला लागला तशी आत गेले. विचारलं, बाबा आत आहेत का अजून. तेच वाक्य. सांगता येत नाही. आता हा माझ्या ओळखीचा झालाय, तरी तेच.

मग मी पिशवीतून बाबांचा स्वेटर काढला. घालून घरी यायला म्हणून आणलेला. राखाडी, टोपी नाही, दोरी नाही. काउंटरवर ठेवला. आईसारखा पुढे ढकलला. मोठ्याने म्हटलं, हा आत द्यायचाय. मागच्या बाकावरचे आजोबा वळून बघायला लागले इतक्या मोठ्याने.

त्याने स्वेटरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ढकलला नाही. घेतलाही नाही. थांबा म्हणाला, आणि स्वेटर तिथेच ठेवून आत विचारायला गेला.

बाकावर बसून लिहितेय. स्वेटर काउंटरवर आहे. आईचा मेसेज: काय झालं? काय झालं?

घेतला तर बाबा अजून आत, परत दिला तर सुटले. देवा, त्याला परत द्यायला लाव. एकदा तरी नाही म्हण मला.

आतलं दार वाजलं. येतोय.