जिताडा आणि उजवा हात

२९ सप्टेंबर

काय हे अक्षर! कोंबडी चिखलातून गेल्यासारखं. डाव्या हाताने लिहितोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज काहीतरी लिहीत जा. एप्रिलमध्ये अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून उजवा हात नुसता खांद्याला लटकलाय. बोटं अर्धीच मिटतात. चालतो ठीक. बोलतो तर जास्तच — असं कमळा म्हणते.

शुभंकरचा फोन. "बाबा, दिवाळीला येतोय. परत जाताना तुम्हा दोघांना घेऊनच जाणार. डोंबिवलीला खोली रिकामी आहे. गावाकडचं भाट्याचं घर बंद करू."

बंद करू! जन्मभर बोटीवर बोसन, खलाशांचा मुकादम म्हणून राबलो ते हे घर उभं करायला! मी म्हटलं, दिवाळीला ये, मग बोलू. कमळा समोरच डाळ निवडत होती. खडे वेचत राहिली.

२ ऑक्टोबर

हुसेन आला. आम्ही दोघं एकाच बोटीवर होतो, मग तो कुवेतला गेला. आता राजिवड्यात घरी असतो, म्हणजे दिवसभर खाडीवर. "विठू, घरात बसून काय कुजतोस? चल गरवायला." मी हात दाखवला. "मासा काय हात बघून गळाला लागतो?"

गेलो. त्याचा रॉड घेतला. उजव्या हातात रॉड, डाव्याने रील फिरवायचं, सगळे करतात तसं. एकच फेक केली — दोरीबरोबर रॉडही पाण्यात! हुसेन कमरेइतक्या पाण्यात उतरून घेऊन आला. हसला नाही. तेच जास्त लागलं.

५ ऑक्टोबर

दोन दिवस डोक्यात तेच. आणि आज आंघोळ करताना सुचलं — उलटं करायचं! रॉड डाव्या हातात. रीलची मूठ काढून उजव्या बाजूला बसवायची. पलीकडचा स्क्रू सोडवला की बसते. फेकायचं चांगल्या हाताने, फिरवायचं आजारी हाताने. त्यालाच काम द्यायचं!

हुसेनला घेऊन दुकानात गेलो. दुकानदार नऊ फुटी जाडजूड रॉड पुढे करत होता. "काका, जिताड्याएवढ्या माशाला हाच लागतो." एका हाताने तोलून बघितला — मनगट दुखलं. नको. सात फुटी, हलका घेतला. टोकाला वाकतो, पण खालचं अंग ताठ. रील मध्यम आकाराचं. त्याची मूठ चपटी, माझ्या बोटांत राहीना. सगळी खोकी उघडायला लावली. शेवटी एक गोल मूठ निघाली, मोठ्या लिंबाएवढी. अर्धी मिटलेली बोटं तिच्यावर अशी बसली, जणू माझंच माप घेऊन केलीय!

८ ऑक्टोबर

रील भरलं. तळाशी थोडा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, वर विणलेली बारीक दोरी. नुसती विणलेली भरली तर ती चक्रीवर घसरते, नि मासा ओढायला लागला की आपण नुसते फिरवत बसतो. पुढे दोन हात पसरून वावभर जाड तंगूस. जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण म्हणजे पातं, बारीक दोरी सपकन कापतो.

आता या दोन दोऱ्यांची गाठ. बोटीचे दोरखंड डोळे मिटून बांधले मी! ही केसाएवढी दोरी — एक टोक दातात, एक पायाच्या अंगठ्यात, डावा हात मध्ये. सुटली. परत सुटली. कमळा येऊन उभी राहिली. "द्या इकडे." "नको!" उगाच ओरडलो. ती आत गेली.

पण बसली गाठ! दाराच्या कडीला बांधून ओढली. कडी हलली, गाठ नाही!

१४ ऑक्टोबर

दोरीचा गुंता. सबंध सकाळ. आज एवढंच.

१५ ऑक्टोबर

कारण सापडलं. फेकल्यावर मी रीलवरची दोरी अडवणारी तार मूठ फिरवूनच बंद करत होतो, त्यात दोरीचा सैल फास राहतो. आता तार हाताने पाडतो — उजव्या हाताने — आणि दोरी एकदा ताणून मगच फिरवतो. दिवसभरात एकही गुंता नाही! दोन तांबोशी मासे मिळाले. लहान होते, सोडून दिले. हुसेन म्हणाला, "आज तू बोसन दिसतोस."

२२ ऑक्टोबर

खाऱ्या पाण्यातून आलं की रील धुवायचंच. आधी ड्रॅगची, म्हणजे दोरीला ब्रेक लावणारी, चकती घट्ट करायची, म्हणजे पाणी आत शिरत नाही. मग विहिरीचं पाणी तांब्याने हळू ओतायचं, नळाखाली धरायचं नाही. पुसलं की चकती सैल सोडायची. फिरत्या जागी तेलाचा थेंब.

रॉडच्या कड्यांतून कापूस फिरवला. टोकाच्या कड्यात अडकला! डोळ्याला दिसत नाही, पण बारीक चीर आहे. मोठा मासा लागला असता तर तिथेच दोरी गेली असती. लगेच कडं बदलून आणलं. कमळाला कौतुकाने सांगितलं. म्हणाली, "माझ्या शिवणाच्या मशिनला घातलंत कधी तेल?" हसलो दोघंही.

आणि हे लिहायलाच हवं — आज सदऱ्याची बटणं मी लावली. सगळी. उजव्या हाताने!

१ नोव्हेंबर

शुभंकर आला. बरोबर माझी नात आरोही. आल्या आल्या कमळाच्या गळ्यात पडली ती सोडेचना. जेवताना शुभंकरने विषय काढलाच. "आई किती दिवस करणार, बाबा?" मी म्हटलं, उद्या खाडीवर चल.

२ नोव्हेंबर

कुठून सुरू करू!

भरती लागत होती. कातळावर मी, शुभंकर, हुसेन. गळाला जिवंत कोळंबी. पुलाच्या खांबापाशी फेकली, बरोबर सावलीत. तार पाडली, दोरी ताणली. थोडा वेळ काहीच नाही. शुभंकर मोबाईल बघत होता.

एकदम हिसका! रॉड कमानीसारखा वाकला नि रील ओरडायला लागलं. मासा खांबाकडे पळत होता. तिथे धारदार कालवं, दोरी घासली की संपलं. शुभंकर धावला. "बाबा, द्या, द्या माझ्याकडे!"

"हात लावशील तर खबरदार!"

हुसेन ओरडत होता, "जाऊ दे त्याला, विठू! ओढू नको!" रॉड आडवा केला, माशाचं तोंड फिरवलं. मग पाण्याबाहेर आला तो — चांदीचा! हवेत डोकं झाडलं नि परत आत. मी रॉड उचलायचा, खाली नेताना फिरवायचं. उचलायचा, फिरवायचं. उजवा हात मूठ सोडत नव्हता. माझाच हात तो! सोडत नव्हता!

हुसेनने जाळीत घेतला. काट्यावर सात किलोच्या वर. मी कातळावर बसकण मारली. हसत होतो का रडत, ठाऊक नाही. शुभंकर आधी माशाकडे, मग माझ्या हाताकडे बघत राहिला.

कमळाने तिरफळं घालून आमटी केली. अख्ख्या वाडीला तुकडी गेली. वाढताना तिने विचारलं, "एकट्यानेच काढलात? खरंच?" शुभंकर म्हणाला, "मी शिवलोसुद्धा नाही, आई."

४ नोव्हेंबर

जिंकलो! निघताना शुभंकर म्हणाला, "राहा इथेच, बाबा. मी नाही आता काही बोलणार." बोलला माझ्याशी, बघत होता कमळाकडे. आरोही गाडीत रडत होती. कमळा फाटकाशी बराच वेळ उभी.

१२ नोव्हेंबर

कमळा माझी परीक्षा घेतेय! परवा म्हणाली, चहा तुम्ही करा. केला. काल भात लावायला लावला. आज बँकेत एकटा पाठवला, सही उजव्या हाताने केली, चालली! आल्यावर विचारते, "सगळं जमतं ना आता?" मी छाती पुढे काढून म्हटलं, "सगळं!" किती आनंद झाला तिला.

१५ नोव्हेंबर

कमळा रविवारी डोंबिवलीला चाललीय. एकटी.

डोंबिवलीला न्यायचं, घर बंद करायचं, शुभंकरला ते सगळं तिनेच बोलायला लावलं होतं. आज सांगितलं, साडी घडी घालता घालता. मी विचारलं, किती दिवस? म्हणाली, "तीस वर्षं तुम्ही बोटीवर होतात, मी इथे होते. मी विचारलं कधी, किती दिवस?"

बॅग मी उतरवून दिली. माळ्यावरून. दोन्ही हातांनी.