नळाखाली धुतलेला स्पंज

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत. तूही असशील असं धरून चालते. चौदा वर्षांत वाढदिवसाच्या दोन ओळींपलीकडे मी तुला काही लिहिलेलंच नाही.

बाबांचा डावा डोळा जवळजवळ गेला, उजव्यावर भागतं. कुरकुर मात्र दोन्ही डोळ्यांची करतात. माझ्या ग्रंथालयात नवी कपाटं आली, जुन्यांपेक्षा ठेंगणी. आता वरच्या फळीला माझा हात पोचतो. बाकी ठीक.

खरी बातमी ही, की मी टाकी घेतली. तीन फुटी. पुढच्या खोलीत, तुझी होती त्याच टेबलावर ठेवली आहे. सहा आठवडे झाले, आत एकही मासा नाही. शेजारच्या काकू रोज डोकावतात.

"काय गं, लाजतात का तुझे मासे?"

"पाणी मुरतंय, काकू."

"टाकी घेतलीस की लोणचं घातलंस?"

मासेवालीनं (टाक्यांच्या दुकानातली, बाजारातली नव्हे) पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मासे मागाहून. आधी झाडं." तळाशी माती, वर धुतलेली वाळू पसरली आणि पट्टीसारख्या लांब पानांची रोपं चिमट्यानं मागच्या बाजूला रोवली. दुसऱ्या दिवशी निम्मी तरंगत होती. परत रोवली. मग पानं कुजायला लागली, काचेसारखी आरपार झाली. मी रडकुंडीला येऊन दुकानात गेले. ती म्हणाली, "जुनी पानं जाणारच. मुळांनी धरलंय ना? मग बस गप्प."

बसले गप्प. आता नवी पानं पाण्याच्या पृष्ठभागाला टेकली आहेत. एक दिवसाआड छोट्या नळीत टाकीचं पाणी घेते, औषधाचे थेंब टाकते, रंग बघते. कुजलेल्या पानांनी पाण्यात आलेलं विष शून्यावर आलंय. तरी मी आणखी एक आठवडा थांबणार आहे. या वेळी घाई नाही.

"या वेळी" लिहिलं आणि पेन अडलं. चहा करून आले. आता लिहितेच.

मागच्या महिन्यात फिल्टरचा स्पंज काळा पडला, म्हणून मी मासेवालीला विचारलं, नळाखाली धुऊ का? तिनं कपाळावर हात मारला. "अगं, त्या काळ्या घाणीतच टाकीचे सफाईवाले राहतात! डोळ्यांना न दिसणारे जीव. माशांच्या विष्ठेतून होणारं विष तेच पचवतात. नळाच्या पाण्यातल्या औषधानं ते मेले, की दोन-तीन दिवसांत मासेही गेले. धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात. दोनदा पिळ, बास."

मी तिथल्या स्टुलावर बसले. तिनं प्यायला पाणी आणून दिलं.

दादा, तू चार दिवस कामासाठी बाहेरगावी गेला होतास. मी वीस वर्षांची घोडी, तरी तू टाकीजवळ गेलास की मागोमाग यायचे, म्हणून तू मला शेपूट म्हणायचास. तू परत येशील तेव्हा सगळं चकचकीत दिसावं, म्हणून तू गेलास त्याच दिवशी मी स्पंज नळाखाली धरला. स्वच्छ पाणी निघेपर्यंत पिळत राहिले. टाकीतलं पाणीही सगळं बदललं. तिसऱ्या दिवशी मासे वर आले.

तू बॅगही खाली ठेवली नव्हतीस. "कोणी हात लावला?" म्हणालास.

मी म्हणाले, "मी नाही."

बाबा वर्षभर टाकीच्या नावानं बोटं मोडत होते. तू त्यांच्याकडे वळलास. "तुम्ही मुद्दाम केलंत." ते काही बोलले नाहीत. आठवड्याभरात तू घर सोडलंस.

स्पंज धुतल्यानं मासे मरतात, हे मला माहीत नव्हतं. पण "मी नाही" हे खोटं होतं, हे माहीत होतं. न कळत झालेल्या चुकीआड मी कळून केलेली चूक चौदा वर्षं लपवली.

दुकानातून आल्या आल्या बाबांना सांगितलं. ते वर न बघता म्हणाले, "माहीत आहे."

"कसं?"

"तो गेला त्या दिवशी तुझ्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, माझ्यावर रागावला तर आठ दिवसांत येईल. बापलेकांची भांडणं काय, होतातच. तुझ्यावर त्याचा फार जीव होता गं. ते मोडायला नको." शेवटी म्हणाले, "अंदाज चुकला."

मग उठून स्वयंपाकघराच्या खिडकीतली काचेची बरणी घेऊन आले. तिच्यात एक हिरवं रोप आहे. त्याचं पाणी तेच बदलतात, मला हात लावू देत नाहीत. कसलं आहे विचारलं, की "असू दे" म्हणायचे. तुझ्या टाकीतल्या फर्नचा तुकडा आहे तो, दादा. टाकी रिकामी करताना त्यांनी उचलून ठेवला होता. "हे घाल तुझ्या टाकीत," म्हणाले. त्याचं आडवं खोड वाळूत पुरायचं नसतं, म्हणून आम्ही ते लाकडाला दोऱ्यानं बांधलं. गाठ बाबांनी मारली, उजव्या डोळ्यानं. तीनदा सुटली. चौथ्यांदा बसली.

बाबा आजारी आहेत, ये, असं लिहून मी तुला ओढणार नाही. ते ठणठणीत आहेत. तू आला नाहीस तरी येत्या रविवारी मी सहा मासे सोडणार. आता ही टाकी मी बंद पडू देणार नाही. कोणते सहा, ते मात्र दुकानात सांगितलेलं नाही. तुला ठरवायचं असेल तर शनिवारपर्यंत कळव.

आणि बाबांवरचा राग आजच काढून घे. तो त्यांचा नव्हताच. तो माझा आहे. माझ्या नावानं पाठव. पत्ता तोच आहे.

टाकीला हात लावलेली,
तुझी शेपूट