येतो म्हणणारं मशीन

सर, तुमचा जुना सर्व्हर आज कायमचा बंद करायचा आहे आणि मी सकाळपासून ते टाळते आहे. नवा त्याच्या शेजारीच तयार आहे. चाकणच्या आपल्या शेडमध्ये इंटरनेटची रड अजून तीच. पत्र्याखाली फोनला रेंज नाही आणि कंपनीच्या लाइनवर अर्ध्या साइट बंद. म्हणून तुमच्याच पद्धतीने केलं. आधी कागदावर यादी, मग मोशीच्या घरून एकेक फाइल पेनड्राइव्हवर, मग इथे लागेल तेवढीच सिस्टिम. ना चित्रं, ना माउस, नुसता काळा पडदा. "आधी चूल आन् पानी बघायचं, झुंबर मागनं," असं तुम्ही म्हणायचात, आणि मी लातूरहून आलेली, तुमच्या त्या 'आन्'ला हसायचे.

आणखी एका गोष्टीला हसायचे. सर्व्हर बंद होताना पडद्यावर शेवटची ओळ म्हणून तुम्ही 'येतो' असं घालून ठेवलं होतं, काळ्या पडद्याला देवनागरी जमत नाही म्हणून इंग्रजी अक्षरांत. पहिल्याच आठवड्यात मी घाईत "जाते सर" म्हटलं, तर खुर्ची वळवून म्हणालात, "जाते न्हाई म्हनायचं पोरी, येते म्हनायचं. मशीन शिकलं, तुला शिकाया काय हुतंय?" तेव्हापासून निघताना तुम्ही "येतो गं" म्हणायचात आणि मी "या सर".

तो दिवस अजून सुटत नाही. दुपारची शिफ्ट बदलते आहे. मी एका मशीनवर सिस्टिम टाकते आहे आणि नेटवर्क कार्ड चालवणारी ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची राहिली आहे. ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही. तुम्ही मागे येऊन उभे राहता. "यादी केलती का?" केली नव्हती. चार लोकांत विचारलंत म्हणून माझं डोकं फिरलं. मग छातीवरून हात फिरवत तुम्ही म्हणालात, "जळजळ हुतीय जरा. घरी पडतो. येतो गं." मी मान वर न करता म्हटलं, "जा." तुम्ही गेल्याचं दुसऱ्या दिवशी गेटवरच्या वॉचमनने सांगितलं.

त्यानंतरच्या आठ वर्षांत हा सर्व्हर कितीदा तरी बंद करून चालू केला. दर वेळी तो 'येतो' म्हणाला आणि मी मोठ्याने "या सर" म्हटलं. शेजारच्या टेबलावरचे हसतात, हसू देत. दर वेळी तो आलाही, आणि दर वेळी मी उगाच दाराकडे पाहिलं. आज मात्र तो येतो म्हणेल आणि यायचा नाही. मला त्याची भीती वाटते, सर.

हे सगळं नव्या सर्व्हरच्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं आहे. यादीतल्या साऱ्या ओळींवर खुणा झाल्या, शेवटची सोडून. जुना बंद केला, असं साहेबांना सांगून आले आहे. खोटं सांगितलं. नेटवर्कची वायर तेवढी काढली आहे. त्याचा पंखा अजून फिरतो आहे.