कापूस कुणालाही चावत नाही

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
आणला. पिटबुल. वय चार-पाच. रंग भाजलेल्या विटेचा, डोकं आमच्या प्रेशर कुकरएवढं. प्राण्यांच्या संस्थेत त्याला हंटर म्हणत. मी रिक्षातच नाव बदललं. कापूस. निम्मा गैरसमज नावामुळेच होतो.

मी फक्त फोस्टर. दीड महिना सांभाळायचं, त्याला कायमचं घर शोधून द्यायचं, मोकळं व्हायचं. संस्थेच्या डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा विचारलं, मावशी, लळा लागला तर? मला हसू आलं. जन्मभर बालवर्ग शिकवला. दर वर्षी वर्गभर मुलं लळा लावून पुढच्या इयत्तेत निघून गेली. कधी रडले नाही. म्हणजे शाळेत नाही.

घर मिळालं नाही तर परत न्यायचा. परत आलेल्या ह्या जातीच्या कुत्र्याला संस्थेत जागा नसते. जागा नसते म्हणजे काय होतं, ते डॉक्टरीणबाईंनी खाली बघत सांगितलं. इथे लिहीत नाही. ती वेळच येणार नाही.

३ फेब्रुवारी
काल बेडरूमला आतून कडी लावून झोपले. वाऱ्याने दार आपटतं. वारा नव्हता, पण कधीही सुटू शकतो.

सकाळी त्याची थाळी झाडूच्या दांड्याने पुढे सरकवली. पाठीमुळे हल्ली वाकवत नाही.

भीती वगैरे अजिबात नाही. भीती अज्ञानातून येते. हे लवकरच सगळ्या बिल्डिंगला समजावून सांगणार आहे.

५ फेब्रुवारी
लेकीचा फोन. कापूसबद्दल सांगितलं तर आधी जात कुठली ते दोनदा विचारलं. मग म्हणाली, कुत्राच हवा होता तर छोटा नाही मिळाला? म्हटलं, छोट्यांना सगळेच घेतात. मग तिचं नेहमीचं सुरू. बाबा गेल्यापासून तू एकटी, इकडे ये, खोली रिकामीच आहे. आता कशी येऊ? कापूस आहे ना. वर्षभर ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आता झालं.

८ फेब्रुवारी
चार्ट केला. ‘गैरसमज’ लाल स्केचपेनने, ‘खरं काय’ हिरव्याने. ही जात मुळात माणसावर प्रेम करणारी. तिचा जबडा लॉक होत नाही, कुठल्याच कुत्र्याचा होत नाही. कुत्रा वाईट निघतो तो वागणुकीने, जातीने नाही. खाली पिटबुलचं चित्र. चित्र थोडं डुकरासारखं आलं, पण भाव प्रेमळ आहेत. लिफ्टमध्ये लावला.

संध्याकाळी कुणीतरी चित्राला शिंगं काढली होती. चर्चा सुरू झाली म्हणायची.

९ फेब्रुवारी
दातवाल्यांची नोटीस. हे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. दातांचे डॉक्टर, शिवाय सोसायटीचे सेक्रेटरी. बायको गेल्यापासून नोटिसा लावत असतात. कुंड्या, चपला, लिफ्टमधली कुजबुज. आज विषय ‘हिंस्र प्राणी’. जिन्यात गाठून विचारलं, तर भिंतीला पाठ लावून म्हणाले, वहिनी, ह्या जातीचा जबडा एकदा लागला की लॉक होतो, सगळ्या जगाला माहीत आहे. चार्ट वाचला नाही का म्हणून विचारलं. म्हणाले, वाचला, डुक्कर छान आहे.

११ फेब्रुवारी
कापूसचे मॅनर्स बघून थक्क झाले. कडक बिस्किट दिलं तर हावरटासारखं खात नाही. तोंडात धरतो, मान एका बाजूला कलती करतो, जरा विचार करतो आणि हळूच माझ्या पायाशी आणून ठेवतो. आधी तुम्ही घ्या. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये बशीतलं शेवटचं बिस्किट कुणी उचलायचं नाही असा नियम होता. धाकटी सिस्टर पांढऱ्या बाह्या सावरत रांगेतून बशी फिरवायची, आणि शेवटचं बिस्किट परत कपाटात जायचं. आम्ही सगळ्या भुकेल्या आणि सगळ्या सुसंस्कृत. कापूस त्या रांगेत शोभला असता. पाणीसुद्धा घाईने पीत नाही. जीभ लावतो, थांबतो, पुन्हा लावतो.

कडी लावायचं विसरले होते. सकाळी बघते तर पलंगाशी, ह्यांच्या बाजूला, सतरंजीवर झोपलेला. घोरतोही ह्यांच्यासारखाच. चढताना सूर, उतरताना शिट्टी. बराच वेळ उठले नाही. पाठ दुखत होती.

१४ फेब्रुवारी, रविवार
आमच्या हॉलमध्ये ‘पिटबुल: समज आणि गैरसमज’ हे व्याख्यान. सरबत केलं, शेजारून खुर्च्या आणल्या. प्रमुख पाहुणा म्हणून कापूसच्या गळ्यात ह्यांचा निळा टाय बांधला. खुर्च्या ज्यांच्याकडून आणल्या त्या बाई आल्या, खुर्च्या कधी परत मिळतील हे विचारायला. दारातूनच.

तरी सगळं भाषण म्हणून घेतलं. तालीम झाली. कापूस शेवटपर्यंत जागा होता.

१८ फेब्रुवारी
कापूसला बघायला दोन कुटुंबं येऊन गेली. पहिलं जोडपं चांगलं होतं, पण चपला फार सरळ रेषेत काढून ठेवल्या. इतक्या नीटनेटक्या घरात त्याचा जीव गुदमरेल. दुसऱ्यांचं स्वतंत्र घर, कुंपण, अंगण, प्रेमळ म्हातारी आई. अंगण फार मोठं आहे. हरवेल. त्यांना म्हटलं, हा जरा अवघड स्वभावाचा आहे. तेवढ्यात कापूस त्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटून बसला. नाटकी आहे, असंही सांगितलं.

डॉक्टरीणबाईंना कळवलं की योग्य माणसं अजून मिळाली नाहीत. घाई करून कसं चालेल.

२१ फेब्रुवारी
पडले. कापूसने ओढलं नाही, हे नोंदवून ठेवते. समोर मांजर आलं, तो जरा भरभर चालला, मी त्याच्या वेगाने चालायचं ठरवलं आणि रस्त्याने ऐन वेळी साथ दिली नाही. गुडघे फुटले. तो परत आला आणि माझा कान चाटत बसला. लेकीला सांगितलेलं नाही. बाथरूममध्ये साबण होता असं सांगायचं ठरवून ठेवलंय, विचारलंच तर.

२३ फेब्रुवारी
आज दातवाल्यांना गप्प केलं.

सकाळी त्यांच्या दाराशी गेले. म्हटलं, तुम्ही जन्मभर जबड्यांत डोकावता, एकदा ह्याच्या जबड्यातही डोकवा. लॉक सापडलं तर उद्याच परत पाठवते. माणूस चिडला, पण धंद्याचा प्रश्न आला ना. हातमोजे, टॉर्च आणि तो छोटा गोल आरसा घेऊन वर आले. आधी दारातच उभे. मग गुडघ्यावर बसले. कापूसने जांभई दिली आणि तोंड तसंच उघडं ठेवलं, जशी अपॉइंटमेंट घेतलेली.

दातवाले बराच वेळ आत बघत राहिले. मी विचारलं, मिळालं का लॉक? त्यांनी टॉर्च बंद केला.

“वहिनी, हा चावणार कशाने? पुढचे दात मुळापर्यंत झिजलेत. पिंजऱ्याच्या जाळ्या चावल्यात ह्याने, वर्षानुवर्षं. मागच्या दोन दाढा फुटून नस उघडी पडलीय. पाणी पितानासुद्धा कळ जात असेल.”

मी म्हटलं, तो मुळात सावकाश पितो.

त्यांनी आरसा पुसून खिशात ठेवला. मोजे काढून कापूसच्या कपाळावर हात ठेवला. मला वाटतं त्यांनी कुत्र्याला पहिल्यांदाच हात लावला असेल. मग विचारलं, ह्याला काय खायला देता? बिस्किटांचा डबा मी ओट्यावरून उचलून कपाटात ठेवला.

मला शंका होतीच म्हणा. नक्की काय ते कळत नव्हतं, एवढंच.

२५ फेब्रुवारी
फुटक्या दाढा काढल्या. कापलं डॉक्टरीणबाईंनी, पण दातवाले स्वतःचा दवाखाना बंद ठेवून बाजूला उभे होते. कुठली हत्यारं घ्यायची त्यावरून दोघांचं जुंपलं. मी बाहेर बाकावर. खूप पूर्वी ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी ज्या प्रार्थना म्हटल्या होत्या, शाळेतल्या, इंग्रजी, त्याच म्हटल्या. दुसऱ्या पाठ नाहीत.

घरी आल्यावर मऊ शिजवलेलं दिलं. एका दमात संपवलं, थाळी हॉलभर ढकलत नेली, वर माझं ताटही चाटलं. मॅनर्सचं नाव नाही.

खूप वेळ त्याच्याकडे बघत बसले.

१ मार्च
दातवाले रोज संध्याकाळी जखम बघायला येतात. जखम भरून आलीय, तरी येतात. येताना मऊ शिजवलेलं आणतात, डब्यातून. म्हणतात, जास्तीचं उरलं. एकट्या माणसाचं रोज इतकं कसं उरतं?

त्यांच्या यायच्या वेळेला कापूस दाराशी जाऊन बसतो. जिन्यातले आवाज ऐकायची आवड आहे त्याला.

‘हिंस्र प्राणी’ नोटीस काढून टाकलीय. तिथे आता ‘जिन्यातलं कुत्र्याच्या पाण्याचं भांडं लाथाडू नये’.

४ मार्च
निर्णय घेतला. कापूसला मीच ठेवणार. सगळ्या बाजूंनी विचार करून. भावनेच्या भरात नाही. तो माझ्याशिवाय राहूच शकणार नाही, हे आता कुणालाही दिसेल. काल मी भाजी आणायला गेले तेव्हा माझ्या वाटेकडे डोळे लावून बसला असणार. परत आले तेव्हा झोपलेला होता. दमला असेल वाट बघून.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, एकदा घरी येऊन बघते. या म्हटलं. घर लख्ख आहे.

९ मार्च
पुन्हा मांजर. ह्या वेळी मनगट. प्लास्टर घातलंय. लेकीला साबणाची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, प्लास्टर कुत्र्याच्या बाजूच्या हाताला आहे का? कुत्र्याला बाजू नसते, म्हटलं. रडली. मग मीच तिची समजूत घातली.

दातवाले सकाळी कापूसला फिरवून आणतात, माझा हात बरा होईपर्यंत.

१३ मार्च, रात्र
डॉक्टरीणबाई आल्या. घर बघितलं, छान म्हणाल्या. मग म्हणाल्या, मावशी, ह्याला गेटपर्यंत नेऊन आणा, मी खिडकीतून बघते. डाव्या हातात पट्टा घेतला. नाही म्हणायची सोयच नव्हती. लिफ्टपर्यंत उत्तम. गेटपाशी मांजर नव्हतंच, नुसती वाऱ्याने प्लास्टिकची पिशवी उडाली. पट्टा सुटला. तो पिशवी तोंडात धरून परत आला, अगदी शहाण्यासारखा. हे मी वर जाऊन त्यांना सांगितलं. परत आला की नाही?

त्यांनी मला खुर्चीवर बसवलं.

“मावशी, तुमचं प्रेम बघायला मी आलेच नव्हते. हात बघायला आले होते. उद्या रस्त्यावर हा सुटला आणि नुसता प्रेमाने कुणाच्या अंगावर गेला, तरी लोक काय म्हणतील? मग ह्याला कोण वाचवेल?”

म्हटलं, मी वाचवेन, चार्ट आहे माझ्याकडे. म्हणून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

मुदत परवा संपते. त्या अंगणवाल्यांना फोन केला, डॉक्टरीणबाईंच्या समोरच. म्हटलं, स्वभाव अजिबात अवघड नाही, मी उगाच बोलले. त्यांनी दुसरा कुत्रा घेतलाय. चपलावाल्यांनी उचललाच नाही.

संध्याकाळी दातवाले डबा घेऊन आले. डॉक्टरीणबाई अजून होत्याच, त्यांनी दातवाल्यांना सगळं सांगितलं. दातवाल्यांनी डबा खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “वहिनी, तुमची हरकत नसेल तर.”

वाक्य पुरं केलंच नाही. हरकत कशी घेणार? ह्या माणसाला मीच घडवलं. लाल आणि हिरव्या स्केचपेनने.

१५ मार्च
कापूसला खाली पोचवलं. सतरंजी दिली, टाय दिला. दातवाले म्हणाले, केव्हाही या, दार उघडंच असतं. हाच माणूस चपलांवरून नोटिसा लावायचा.

सूचना दिल्या. त्याला एकटं वाटलं तर लगेच मला बोलवा. पहिले काही दिवस दाराशी बसून रडेल, वरच्या मजल्याकडे बघेल, मनाला लावून घेऊ नका. ही कुत्री एका माणसाला जीव लावतात. ते बरं म्हणाले.

एकाच मजल्याचं अंतर आहे. खरं तर ही व्यवस्था जास्तच चांगली. कसरत त्यांनी करायची, भेटीगाठी माझ्या.

१६ मार्च
बोलावणं नाही. दातवाले भिडस्त आहेत.

दुपारी स्वतःच खाली चक्कर मारली. बेल दाबली नाही. दाराला कान लावला. आतून घोरणं. चढताना सूर, उतरताना शिट्टी.

१८ मार्च
लिफ्टमध्ये भेटला. ते दोघं फिरून येत होते. मला बघितलं आणि कापूस सगळा हलला. शेपटी, कंबर, कान. प्लास्टरला नाक घासलं, पायावर बसला. मी दातवाल्यांना म्हटलं, बघा, विसरला नाही. ते म्हणाले, विसरेल कसा.

दार बंद होता होता कुरिअरवाला घुसला. नवीनच होता, ह्या बिल्डिंगमध्ये पहिल्यांदा आलेला, कितवा मजला ते पाकिटावर बघत होता. कापूसने त्याला बघितलं आणि सगळा हलला. शेपटी, कंबर, कान. त्याच्या पिशवीला नाक घासलं आणि त्याच्या पायावर जाऊन बसला.

कुरिअरवाला आधी आरशाला चिकटला. मग हळूच एक बोट त्याच्या डोक्यावर ठेवलं. मग पूर्ण हात. म्हणाला, हा सगळ्यांशीच असा असतो का?

दातवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. ह्या विषयातली माहितगार मीच.

“सगळ्यांशीच,” म्हटलं. “ही जातच तशी आहे.”

दुसऱ्या मजल्यावर ते दोघं उतरले. दार बंद होईपर्यंत मी कापूसकडे बघत होते. तो घराच्या दाराकडे बघत होता.

मी कुरिअरवाल्याला बाकीचं सांगायला लागले. जबडा लॉक होत नाही, ते सगळं. तिसरा मजला आला. त्याला पाचव्यावर जायचं होतं. मीही पाचव्यापर्यंत गेले.