ग्रेडीची बॅट आणि ग्रेडीचे हात

प्रिय कोरिन,

तुझ्या नवऱ्याने कालच्या बेसबॉल सामन्यात मला वेड लावायचं तेवढं बाकी ठेवलं. पहिल्याच डावात त्याने चेंडू असा हाणला, की कुंपणापलीकडच्या धान्याच्या कोठारावर जाऊन आदळला. अख्खं गाव उभं राहिलं, मीही टोपी उडवली. आणि पुढच्याच डावात एक साधा, जमिनीलगतचा चेंडू फलंदाजामागे कॅचर म्हणून बसलेल्या साहेबांच्या पायांमधून थेट मागच्या जाळीपर्यंत! मास्क काढून, वळून, चेंडू शोधेपर्यंत समोरच्यांच्या दोन धावा झाल्यासुद्धा.

आपला पिचर रामोन तर आता खाली चेंडू टाकतच नाही. विचारलं तर म्हणतो, "कोच, खाली टाकला की ग्रेडी सोडतो, वर टाकला की समोरचा ठोकतो. ठोकलेला निदान कुणीतरी अडवतं तरी!" यावर काय बोलायचं, तूच सांग. ग्रेडीला बसवावं, तर राखीव कॅचर ऑर्विल चेंडू घट्ट धरतो, पण बॅट हातात आली की नुसत्या माशा हाकलतो. रोज सकाळी मी हे असले गुडघे घेऊन ग्रेडीसमोर चेंडू आपटत बसतो. "छाती पुढे, हनुवटी खाली!" तो हसतो. "कोच, आज कुंपणापार होम रन मारतो, मग तर झालं?" आणि मारतो की! तिथेच सगळी पंचाईत आहे.

मंगळवारी मोठ्या संघाचा खेळाडू हेरणारा स्काउट आला होता, कॅचरच्या शोधात. ग्रेडीचे फटके बघून गडी खूश. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "कॅचर म्हणून निभावेल?" मी म्हणालो, "नाही. पहिल्या बेसवर क्षेत्ररक्षणाला उभा करा, बॅटीने सामने जिंकून देईल." "पहिल्या बेससाठी आमच्याकडे रांग लागलीय, एमेट," असं म्हणून त्याने गाडी काढली.

काल सामन्यानंतर ग्रेडीला हे मीच सांगितलं. तो लालबुंद झाला. "सासरे म्हणून तरी गप्प बसायचं होतं!" मीही ओरडलो, "सासरा आहे म्हणूनच खरं बोललो! तिथल्या गच्च भरलेल्या मैदानात तुझी फजिती कोरिनला बघवली असती?" तो पाय आपटत निघून गेला.

आज सकाळी मात्र तो माझ्या आधी मैदानावर हजर. पहिल्या बेसचा ग्लोव्ह कुणाकडून तरी मागून आणला होता. चेंडू सोडत होता, स्वतःला शिव्या घालत होता, पुन्हा उभा राहत होता. मग जवळ येऊन म्हणाला, "कोच, कोरिनला तुम्हीच कळवा. माझी निवड होणार असं मी सांगून बसलोय, म्हणून ती शाळेतली नोकरी सोडायला निघालीय. फोनवर तिचा आवाज ऐकला, तर मी पुन्हा काहीतरी थाप मारीन." म्हणून हे पत्र. राजीनामा देऊ नकोस, पोरी. त्याच्यावर चिडायचं तर खुशाल चीड, माझ्यावरही चीड. पण रविवारी सामन्याला ये. तो पहिल्या बेसवर पुष्कळ चुकणार आहे, आणि ते एकट्याने बघणं माझ्याच्याने व्हायचं नाही.

तुझाच,
वैतागलेला बाबा